घोड्याचा बिल्ला

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. शनिवारची दुपार, डब्लिनमधल्या एका चर्चच्या मागचा हॉल, आणि माझ्या हातात कागदी कपातला कडक चहा. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही भारतातल्या, म्हणजे तुम्ही आतच आहात की! सांगा ना, आत कसं वाटतं?" आत म्हणजे राष्ट्रकुलात, मुख्यतः जुन्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांच्या संघटनेत. आयर्लंडने पुन्हा राष्ट्रकुलात जावं असं वाटणाऱ्या माणसांची ती बैठक होती, आणि आतून आलेली मी एकटीच. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी कपात बघितलं, आणि तोंडाला आलं ते बोलून टाकलं, "चार वर्षांनी एकदा खेळ असतात. आम्हाला कुस्तीत बरीच पदकं मिळालीत."

सगळे हसले. त्या बाईही हसल्या, पण त्यांचं हसणं इतरांच्या जरा आधी थांबलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीवर पावसाचे ओघळ बघत बसले होते तेव्हा लक्षात आलं की आपण एका म्हाताऱ्या माणसाने मनापासून विचारलेला प्रश्न चेष्टेवारी नेला. मग दुसरंही लक्षात आलं, ते जास्त टोचलं. चेष्टा केली नसती तर काय सांगितलं असतं? राष्ट्रकुल म्हटल्यावर मला खरोखर आठवतं ते २००८चं पुणं. युवा राष्ट्रकुल स्पर्धा होत्या, आम्ही कॉलेजात होतो, बालेवाडीकडचे रस्ते खणून ठेवलेले, आणि जिकडेतिकडे जिगर नावाच्या वाघाची पोस्टरं. एवढंच. शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक धडा होता, त्यात अलिप्ततावाद, सार्क आणि राष्ट्रकुल एकापाठोपाठ उरकलेले. दोन गुणांची टीप. त्या दोन गुणांसाठी इथे पंचवीसेक माणसं शनिवारची दुपार सोडून जमतात, हे मला पटेचना.

मला तिथे नेलं होतं शेजारच्या आजोबांनी. समोर मी त्यांना नावानेच हाक मारते, इथे तीच पद्धत. मनात मात्र ते पहिल्या दिवसापासून आजोबाच आहेत. रेल्वेत कारकून होते, कॉनली स्टेशनात उभी हयात गेली. मी २०२१मध्ये इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले, तेव्हा कचऱ्याचे कोणते डबे कोणत्या वारी बाहेर ठेवायचे ते त्यांनीच शिकवलं. बैठकीचं निमंत्रण देताना म्हणाले, "चहा फुकट असतो आणि भांडण चांगलं होतं." भांडण काही झालं नाही. एका निवृत्त शिक्षकाने कागदावरून वाचून दाखवलं की राष्ट्रकुलात आता ५६ देश आहेत, त्यातले बहुतेक प्रजासत्ताक आहेत, राजाला तिथे कुणी मुजरा करत नाही, आणि उद्या ब्रिटनमध्ये असलेलं उत्तर आयर्लंड आणि दक्षिण एकत्र यायचे असतील तर तिकडच्या ब्रिटिशनिष्ठ माणसांना या घरात आपलंही काही आहे असं वाटायला नको का? मुद्दा वेडगळ नाही. खुद्द आयरिश स्वातंत्र्यलढ्यातल्या डी व्हॅलेरांचे नातू, फियाना फॉल पक्षाचे एमन ओ कीव यांनी राष्ट्रकुलाची बाजू घेतलेली आहे. २०१८मध्ये एकसंध आयर्लंड मागणाऱ्या शिन फेन पक्षाच्या मेरी लू मॅकडॉनल्ड यांनीही एकीकरणाच्या चर्चेत हा विषय निघू शकतो असं म्हणून आपल्याच लोकांच्या भुवया उंचावल्या होत्या. पण बोलणं वेगळं आणि त्यासाठी महिन्याच्या महिन्याला खुर्च्या मांडणं वेगळं. खुर्च्या मांडणारे नेहमी मूठभरच. रिफॉर्म मूव्हमेंट म्हणून एक गट नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हेच सांगत आलेला. त्याआधी, १९८९मध्ये, 'पीस ट्रेन'वाले, त्यांचा विषय वेगळा. डब्लिन-बेलफास्ट रेल्वेमार्गावर आयआरए ही सशस्त्र संघटना बॉम्ब ठेवत होती, तेव्हा ही साधी माणसं तिकिटं काढून त्याच गाडीत बसली होती, निषेध म्हणून. आजोबा त्या गाडीला निशाण दाखवायला फलाटावर उभे होते म्हणे. "मी चढलो नाही," ते म्हणाले. "ड्यूटीवर होतो." हे त्यांनी मला चार वर्षांत किमान सहा वेळा सांगितलंय, दर वेळी ड्यूटीवर असल्याचं शेवटी.

खरं सांगायचं तर हॉलमध्ये मला थोडी किळसही आली. एक बाई मोत्यांचा सर घालून आल्या होत्या. त्या 'तेव्हाच्या शिस्ती'बद्दल बोलल्या, आणि बोलताना त्यांचा हात सारखा सराकडे जात होता. तेव्हा म्हणजे केव्हा, हे विचारायची गरज नव्हती. माझ्या आजोबांनी, सातारच्या खऱ्या आजोबांनी, बेचाळीसनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातल्या भूमिगतांना रात्री उसाच्या फडात भाकरी पोचवल्या होत्या. त्या शिस्तीचा मार त्यांच्या पाठीवर होता. तिथे बसून बिस्कीट चहात बुडवताना मला उगाच त्यांना फसवल्यासारखं वाटलं. पण खोलीतल्या सगळ्यांच्या गळ्यात मोती नव्हते. बहुतेकांच्या अंगात जुने लोकरीचे कोट होते, ओले, आणि हॉलभर ओल्या कुत्र्यासारखा वास पसरला होता.

घरी येऊन मी थोडं वाचत बसले आणि एका महिन्यावर अडकले. एप्रिल १९४९. ईस्टरच्या सोमवारी, १८ तारखेला, आयर्लंड प्रजासत्ताक झालं आणि त्याच क्षणी राष्ट्रकुलातून बाहेर पडलं. प्रजासत्ताक असाल तर आत राहता येत नाही, असा तेव्हाचा नियम. आणि तो महिना संपायच्या आत लंडनमध्ये नेहरूंसाठी तो नियम बदलला: भारत प्रजासत्ताक होईल, तरी आत राहील, राजा फक्त एकत्र येण्याची खूण. थोडक्यात, दार जेमतेम दहा दिवस उशिरा उघडलं. पाहुणा चिडून फाटकाबाहेर पडावा आणि वळणावर असताना मागून कुणीतरी म्हणावं, अहो थांबा, चप्पल काढायची गरज नाही. आयर्लंड थांबलं नाही. थांबलं असतं असंही मला वाटत नाही.

पण बाहेर पडून झालं काय? ब्रिटनने त्याच वर्षी कायदाच केला की आयर्लंड हा आपल्यासाठी परका देश नाही. आयरिश माणूस आजही उठतो आणि लंडनला जाऊन राहतो, नोकरी करतो, तिथल्या निवडणुकीत मत देतो. त्याला कुणी कागद विचारत नाही. १ जानेवारी १९७३ला दोघे एकाच दिवशी युरोपच्या बाजारात शिरले. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं लिव्हरपूलचे शर्ट घालतात आणि उरलेली मँचेस्टर युनायटेडचे. आजोबांच्या स्वयंपाकघरात बीबीसीचा रेडिओ सकाळी सहापासून सुरू असतो. त्यांच्या लहानपणी या किनाऱ्यावरच्या घरांवर समुद्रापलीकडची चित्रं पकडायला मैलभरावरून दिसतील एवढाल्या अँटेना असायच्या, ते अजून हात वर करून दाखवतात. सगळं आहे. फक्त नात्याला नाव द्यायचं नाही.

आणि आमचं? नाव आहे. कॉनली स्टेशनातून एंटरप्राइज गाडी दोन तासांत बेलफास्टला जाते. ऑफिसातल्या मुली शनिवारी खरेदीला जातात. मी गेले नाही, कारण बेलफास्ट म्हणजे ब्रिटन, आणि माझ्या भारतीय पासपोर्टाला ब्रिटनचा व्हिसा लागतो. सरहद्दीवर कुणी नसतं, तपासत नाहीत, तू बस गं, असं सगळे सांगतात. पण ज्याच्या पासपोर्टावर जगभरचे शिक्के मागून घ्यावे लागतात, तो माणूस 'तपासत नाहीत' या तीन अक्षरांवर... तीन नाहीत, मोजू नका... गाडीत बसत नाही. म्हणजे राष्ट्रकुलातली मी फलाटावर आणि राष्ट्रकुलाबाहेरचे आजोबा गाडीत. हे उत्तर मला त्या बाईंना द्यायला हवं होतं. आत असं आहे, बाई. आत रांग आहे.

मराठीत या शब्दाची गंमतच आहे. राष्ट्रकुल म्हणताना आपल्या मनात कूळ येतं, घराणं येतं, देवकार्याला एकत्र बसणारी भावकी येते. पण ज्यांच्या सातबाऱ्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या त्या माझ्या गावच्या माणसाला कूळ म्हटलं की आधी आठवतं ते दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ. हा विनोद मी आजोबांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. इंग्रजीत त्याचं काहीच उरलं नाही. पण 'जमीनदार' आणि 'कूळ' एवढे दोन शब्द कळताच ते टेबलावर हात आपटून हसले. त्या बाबतीत आयरिश माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

डब्लिनमध्ये चालताना मला हल्ली एक खोड लागलीय. इथल्या टपालपेट्या हिरव्या आहेत. १९२२नंतर नव्या सरकारने नव्या पेट्या ओतण्यापेक्षा जुन्या लाल पेट्यांवर हिरवा रंग फासला, स्वस्तात स्वातंत्र्य. पण ओतीव लोखंडावरची राजाची अक्षरं काही रंगाने बुजली नाहीत. आमच्या कोपऱ्यावरच्या पेटीवर सातव्या एडवर्डची आहेत. रंगाचे इतके थर चढलेत की अक्षरांच्या कडा मऊ झाल्यात, बोट फिरवलं की साबणाच्या वडीवरच्या नावासारखी लागतात. हा एडवर्ड म्हणजे आपल्या काळ्या घोड्यावरचा. मुंबईने १९६५मध्ये त्याला घोड्यासकट उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवलं, जागेचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं, आणि पन्नासेक वर्षांनी तिथे स्वाराविना नवा घोडाही उभा केला. आपण राजा काढला, घोडा ठेवला. यांनी रंग बदलला, आणि राजाच्या पोटात पत्रं टाकत राहिले.

सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेच्या तोंडाशी एक दगडी कमान आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मेलेल्या रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स या पलटणीच्या शिपायांसाठी १९०७मध्ये बांधलेली. गावातले राष्ट्रवादी तिला 'गद्दारांचा दरवाजा' म्हणत. तिच्याखालून मी दोन वर्षं मुकाट्याने जात होते. मग कळलं की या पलटणीची एक फांदी मूळची कंपनी सरकारची मुंबईची गोरी पलटण, आणि तिने मिरवलेल्या लढायांच्या यादीत एक नाव आहे: किर्की. म्हणजे खडकी. नोव्हेंबर १८१७, पेशवाईची अखेर. म्हणजे ज्या खडकी स्टेशनावर मी तीन वर्षं लोकल पकडली, ते नाव डब्लिनच्या पोरांनी निशाणावर वागवलं. आता त्या कमानीखालून जाताना मला कुणाचा राग यावा हे ठरवता येत नाही. तोवर सिग्नल पडतो.

आजोबांचे आजोबा याच पलटणीत होते.

हे त्यांनी मला बैठकीच्या आठवडाभरानंतर सांगितलं. चार वर्षांत पीस ट्रेन सहा वेळा ऐकवणाऱ्या माणसाने हे एकदाही काढलं नव्हतं. मी आळूवडी द्यायला गेले होते (इथे आळू बांगलादेशी दुकानात मिळतं, खाजरं निघतं, पण चिंच जास्त घातली की भागतं). त्यांनी वडी दोन बोटांत धरून उजेडात फिरवून बघितली, खाल्ली, आणि मग न विचारता फ्रीजवरून एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा काढला. आत सुतळी, बटणं, कसल्याशा किल्ल्या, आणि तळाशी पातळ कागदात गुंडाळलेलं चांदीचं पदक. त्यांचे आजोबा १९१५मध्ये भरती झाले. देशप्रेम वगैरे नाही. घरात पाच जण, एक खोली, आणि शिपायाच्या बायकोला दर आठवड्याला पैसे मिळत. १९१६च्या ईस्टरला डब्लिनमध्ये बंड झालं तेव्हा त्याच गल्ल्यांतल्या त्याच बायकांनी बंडखोरांना शिव्या घातल्या; नवरे फ्रान्सच्या खंदकात आणि इथे यांनी पोस्टच बंद पाडलेलं, पैसे यायचे कुठून? मग बंडाच्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि दोन वर्षांत सगळं गाव फिरलं. लढाईवरून परत आलेला शिपाई ज्या गावातून गेला होता ते गाव जागेवर नव्हतं. आजोबांच्या आजीने पदक डब्यात टाकलं आणि सांगितलं, हे शाळेत बोलायचं नाही. १९२२मध्ये पलटणच मोडली. "ते कधी बोलले नाहीत. मग बाबाही बोलले नाहीत. मी बोलू लागलो तेव्हा बायको म्हणाली, आता या वयात कशाला?"

अशा शिपायांचं स्मारक आहे डब्लिनमध्ये, आयलंडब्रिजला. नवी दिल्ली रेखाटणाऱ्या लुटियन्सनेच ती बाग आखली. ४९,४००हून जास्त नावं वहीत लिहून ठेवली आणि बाग मोडकळीला येऊ दिली. रीतसर उद्घाटन झालं थेट १९८८मध्ये. २०११च्या मे महिन्यात एलिझाबेथ राणी तिथे आली. त्याआधी ब्रिटनचा राजा इथे आला होता १९११च्या जुलैत, पाचवा जॉर्ज. तोच डिसेंबरात मुंबईच्या धक्क्यावर उतरला आणि आपल्याला गेटवे मिळालं. राणीने मेजवानीत आयरिश भाषेत सुरुवात केली तेव्हा राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकलीस यांच्या तोंडून "वॉव" निघालं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आजोबांनीही पाहिलं. दुसऱ्या दिवशी डबा उघडला, पदक पुसलं, परत ठेवलं. २०१७मध्ये पंतप्रधान लिओ वराडकर संसदेत शॅमरॉकच्या, म्हणजे आयर्लंडची खूण असलेल्या तिपानी पाल्याच्या, पानावरची पॉपी, युद्धात मेलेल्या शिपायांच्या आठवणीसाठी लावतात ते लाल फूल, लावून आले, तेव्हा आजोबांना वाटलं आता आपणही लावावी. मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरचा हा मुलगा. त्याने लावली तर चालते, मग आपण का नाही? विकत आणली. कोटाला टोचली. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले आणि काढून खिशात घातली.

"म्हणून बैठकीला जातो," ते म्हणाले. "त्या हॉलमध्ये लावता येते."

मी पदक हातात घेतलं. जड, थंड. कडेवर बारीक ठोकलेली अक्षरं: नंबर, नाव, पलटण. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं. उलटं केलं, आणि माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं, "अगं बाई, घोड्याचा बिल्ला!" दुसऱ्या बाजूला एक उघडा स्वार घोड्यावर बसलेला, खुरांखाली ढाल, कवटी.

आमच्या घरात घोड्याचा बिल्ला हा शब्द होता, वस्तू नव्हती. पणजोबा मराठा पलटणीत होते, पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियाला, आजच्या इराकला, गेलेले. तिथल्या कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकले. अन्न संपलं, घोडे कापायची पाळी आली, आणि गावाकडच्या शिपायांनी कितीतरी आठवडे ते खाल्लं नाही. पुढे खाल्लं की नाही, हे घरात कुणी विचारलं नाही. पणजोबा जन्मात टांग्यात बसले नाहीत, एवढं मात्र सगळ्यांना माहीत. कुत पडलं २९ एप्रिल १९१६ला. डब्लिनमध्ये बंडाचा पुढारी पिअर्सने शरणागती दिली तीही २९ एप्रिल १९१६लाच. त्याच महिन्यात टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली, शब्द आयर्लंडचाच उसना. या तीन गोष्टी मी तीन वेगवेगळ्या इयत्तांत पाठ केल्या होत्या. पणजोबा कैदेतून जिवंत आले, खाटेवर बसून राहिले, आणि पुढे सरकारकडून बिल्ला आला. पणजीने तो दोन पावसाळे भिंतीच्या कोनाड्यात ठेवला. मग आजीची नणंद चालायला लागली तेव्हा सोनाराकडे नेऊन मोडला आणि पोरीला पैंजण केले.

मला हे नेहमी सरळ वाटत आलं. चांदी होती, पोर होती. त्याच घरातून पुढे प्रतिसरकारला भाकरी गेल्या; कुणी म्हटलं नाही की या घरात राजाचा बिल्ला होता. आमच्या भागात अपशिंग्यासारखी गावं नावापुढे 'मिलिटरी' लावतात आणि तिथल्याच पारावर हुतात्म्यांना हार घालतात, एकाच सकाळी, तेच सरपंच. आपण मोठ्या मनाचे म्हणून नव्हे. आपल्याकडे राज्य करणारा बोटीत बसून गेला. यांच्याकडे तो अजून शेजारच्या काउंटीत राहतो, आणि त्याच्या अंगणात यांची आत्या नांदते.

रात्री मी आत्याला फोन लावला. पैंजणांचं काय झालं? तिकडे पहाटेचे साडेचार, ती उठलेलीच असते. "ते होय? बहात्तरला गेले की. बैलांना कडबा नव्हता. तुला आत्ता कशाला पायजेत?"

हे मी दुसऱ्या दिवशी आजोबांना सांगितलं, सगळं, कडब्यासकट. त्यांनी पुन्हा डबा काढला. पदक कागदातून सोडवलं, केक करायचा छोटा वजनकाटा ओट्यावर ओढला, बटण दाबून शून्य आणलं आणि पदक त्यावर ठेवलं. आम्ही दोघं वाकून बघत होतो. आकडा थोडा हलला आणि तेहतीसवर थांबला.

"एवढ्यात होतात?" त्यांनी विचारलं.

"लहान मुलीचे होतील," मी म्हटलं. "नुकती चालायला लागलेली असली तर."

त्यांनी मान हलवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि किटलीत पाणी भरायला वळले. पदक काट्यावरच होतं. थोड्या वेळाने काट्याचा दिवा आपोआप विझला.